डावी पाकळी

काशिनाथ कंडक्टरला एका गोष्टीचा भयंकर तिटकारा होता, आणि ती गोष्ट म्हणजे उशीर. पेडणे–म्हापसा बस सहा पन्नासला सुटते म्हणजे सहा पन्नासलाच सुटते! पन्नासाचे एक्कावन्न व्हायच्या आत हा डबल बेल मारायचा, मग दारात कुणाची म्हातारी एक पाय वर, एक पाय खाली अशी लोंबकळत असली तरी. बसच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'अति घाई संकटात नेई' असं रंगवलेलं होतं. पण बावीस वर्षं हा बसच्या आत; पाठीवरचं वाचायला त्याला फुरसत कुठली?

तर असा हा माणूस दोन हजार तीन सालच्या जानेवारीत एका गुरुवारी पणजीला आल्तिनोचा चढ चढून हायकोर्टाच्या व्हरांड्यात येऊन बसला होता. सकाळी साडेनऊपासून. दुपारचे अडीच वाजले तरी त्यांच्या अपिलाचा नंबर लागला नव्हता. काशिनाथ दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता आणि बघितलं की स्वतःवरच चिडत होता. बघून काय होणार होतं? घड्याळ बघायची वेळ दीड वर्षापूर्वीच गेली होती.

अपील होतं त्याच्या धाकट्या भावाचं, दत्तप्रसादचं. घरात दत्तू. काशिनाथपेक्षा सोळा वर्षांनी लहान, बाप वारल्यावर काशिनाथच्याच मांडीवर वाढलेला. हरमलच्या किनाऱ्यावर तो गोऱ्यांना स्कूटरी भाड्यानं द्यायचा. अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात पोलिसांनी त्याच्या स्कूटरची डिकी उघडली आणि आत साडेसहाशे ग्रॅम चरस निघाला. आता काही लोक म्हणतात, पोरगा गरीब, कुणीतरी अडकवला. कसला अडकवला! दत्तूनंच ठेवला होता, आणि पहिल्यांदा नव्हे, तिसऱ्यांदा. त्यानं स्वतः काशिनाथला तुरुंगातल्या जाळीपलीकडून सांगितलं होतं, "दादा, लालूच लागली मरे माका." त्यामुळे सुटकेचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो एवढाच, किती वर्षं.

खालच्या कोर्टानं दहा दिली होती. दहाची चार झाली असती तर दत्तू आजच मोकळा होता, कारण चार त्यानं भोगूनच झाली होती. शिमग्याला तो अंगणात ढोल घेऊन उभा राहिला असता. आणि दहाची दहाच राहिली तर डिसेंबर दोन हजार आठ. या कायद्यात चांगल्या वागणुकीचे दिवससुद्धा कापून मिळत नाहीत. आई बाहत्तरची. पुढचं गणित काशिनाथ करत नसे.

पण दहाच का, याची कथा वेगळी आहे. ती काशिनाथ सोडून आणखी एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस म्हणजे देवळातला धाकू गुरव.

झालं असं. दोन हजार एक सालच्या जून महिन्यात दत्तूची केस म्हापशाच्या कोर्टात अर्ध्यावर आली होती. दत्तू अडीच वर्षं कच्चा कैदी म्हणून आग्वादच्या तुरुंगात. तारखा पडत होत्या. आज पंच आला नाही, उद्या सरकारी वकील रजेवर. काशिनाथचा जीव प्रत्येक तारखेला तिळतिळ तुटायचा. त्यांचे वकील कृष्णनाथबाब शांत माणूस, पान चघळत बोलणारा. त्यांनी एके दिवशी काशिनाथला बाजूला घेतलं.

"हे बघ, पडतायत त्या तारखा पडू देत. दिल्लीत कायदा बदललाय. आत्तापर्यंत चरस चिमूटभर असो की पोतंभर, कमीत कमी दहा वर्षं. नव्यात वजन बघून शिक्षा. एक किलोच्या आत असला तर जज्जाला दहाच्या खाली कितीही उतरता येईल. कायदा मंजूर झालाय, फक्त लागू व्हायचाय. तेवढं थांबूया."

"कधी लागू होतलो?"

"ते कोण सांगणार? दिवाळीपर्यंत होईल. कदाचित पुढच्या वर्षी."

काशिनाथ तडकला. वकिलाला काय, जितक्या तारखा तितकी त्याची चैन! आजवर एक तरी बस 'कदाचित'वर सुटली आहे काय? घरी येऊन त्यानं आईला सांगितलं. आई म्हणाली, "देवीक विचार. ती सांगात तसा करूया." आमच्याकडे तसंच आहे. घर बांधायचं, मुलगी द्यायची, बैल विकायचा, काहीही असो. गुरव देवीच्या मूर्तीला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे श्वास धरून बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय. डावी पडली तर नको. देवीचा शब्द म्हणजे शब्द, वर अपील नाही.

आईला त्या दिवशी ताप होता, म्हणून काशिनाथ एकटाच गेला. सकाळची वेळ, देवळात चिटपाखरू नव्हतं. धाकू गुरवानं पाकळ्या लावल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बाये माते, हो तुझो लेकरू केशीत अडाकलो आसा. केस बेगीन संपवची काय? संपवची आसात तर उजवी दी, थांबाचा आसात तर डावी दी."

गाऱ्हाणं संपायच्या आतच डावी पाकळी पडली. अशी पडली की जणू वाटच बघत होती.

"थांब म्हणता," धाकू म्हणाला.

काशिनाथला ते ऐकवेना. अडीच वर्षं थांबलो, आणखी थांब? "तू नीट विचारूक नाय, धाकू. परत लाव. असा विचार, माझो भाव घराक येवचो काय?"

धाकूनं मान खाजवली. "ह्यो प्रश्न वेगळो जाता, काशिनाथ."

"लाव म्हणतंय ना तुका!"

धाकूनं लावली. आणि उजवी पाकळी पडली. का नाही पडणार? पोर घरी यावं का म्हणून आईला विचारल्यावर कुठली आई नको म्हणेल? पण काशिनाथनं ती उजवी पाकळी पानात गुंडाळली, घरी आणून आईच्या हातावर ठेवली आणि सांगितलं, "देवी म्हणता बेगीन संपव." आईनं पाकळी कपाळाला लावून कुंकवाच्या डबीत ठेवली. डावीचं नाव त्यानं काढलं नाही. खोटं बोललो असं तेव्हा त्याला वाटलंही नाही. माणूस स्वतःला फसवतो तेव्हा त्याचं त्यालाच कळत नाही, हे एक बरं असतं.

मग काय, काशिनाथ सुटला! कृष्णनाथबाबांना त्यानं ठणकावलं, एकही तारीख मागायची नाही. दत्तूच्या सहीनं तुरुंगातून अर्ज पाठवला, मी अडीच वर्षं आत आहे, माझी केस लवकर चालवा. कोर्टानं अर्ज मानला. केस धडाधड चालली. कोर्टाच्या व्हरांड्यात त्याला नेहमी एक म्हातारी भेटायची, डिचोलीजवळच्या सर्वणची सोनाबाई. तिचा शंभू त्याच सुमारास पकडलेला, आठशे ग्रॅम, दत्तूच्याच बराकीत. तिच्या केसला तारखेवर तारीख पडायची आणि ती पदर तोंडात धरून रडायची. काशिनाथला तिची कीव यायची.

"मावशे, तुमी पण कौल घेया," तो तिला एकदा म्हणाला. "आमची केस बघा कशी पळता."

"घेतलो रे पुता," सोनाबाई म्हणाली. "आमचो देव म्हणता थांब."

काशिनाथला मनात हसू आलं होतं. एकेकाचा देव!

वीस सप्टेंबरला निकाल लागला. दहा वर्षं, दंड वेगळा. आणि दोन ऑक्टोबरला नवा कायदा लागू झाला. बारा दिवस! बारा दिवसांत काय होतं? गणपती येऊन जातात. एका पंचानं आणखी एकदा दांडी मारली असती, तरी भागलं असतं. फेब्रुवारीत शंभूचा निकाल लागला, नव्या कायद्यानं. आठशे ग्रॅमला चार वर्षं.

त्या दिवसापासून आईनं देवीशी बोलणं टाकलं. सत्तर वर्षांची सवय, पण देवळाची पायरी चढली नाही. जत्रेला ओटी पाठवली नाही. "माझ्या तोंडार उजवी दिली आणि पाठीत वार केलो," म्हणायची. वाडीतल्या बायका कानावर हात ठेवायच्या. आणि काशिनाथ? तो ताट पुढ्यात ओढून खाली मान घालून जेवायचा. देवीनं बिचारीनं तोंड फोडून सांगितलं होतं, आणि आळ तिच्यावर! सांगून टाकावं असं त्याला रोज वाटायचं आणि रोज तो ते उद्यावर ढकलायचा. रात्रपाळी नसतानाही मागून घ्यायचा, घरी बसणं नको म्हणून. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

म्हणून अपिलावर सगळा जीव. हायकोर्टानं दहाची चार केली की देवीची बदनामी आपोआप धुतली जाणार, आई देवळात जाणार, दत्तू घरी येणार आणि डावी पाकळी कुणाला कधी कळायचीच नाही. कंडक्टरनं मनातल्या मनात सगळ्यांना सीटवर बसवून टाकलं होतं.

तीनला पुकारा झाला. कृष्णनाथबाब उभे राहिले. नव्या कायद्यात एक ओळ आहे, आणि ती ओळच त्यांच्या आड उभी होती. खालच्या कोर्टात चालू असलेल्या केसेसना नवी शिक्षा. खालून निकाल होऊन अपिलात गेलेल्यांना नाही. कृष्णनाथबाब चांगले बोलले. पान न खाता बोलले. म्हणाले, महाराज, महिन्याभराच्या अंतरानं पकडलेले दोघे, एकाच बराकीत झोपतात. ज्याच्याकडे जास्त माल सापडला तो या आठवड्यात सुटतोय, आणि ज्याच्याकडे कमी सापडला तो आणखी सहा वर्षं आत. का? तर याची केस लवकर संपली म्हणून. आरोपीनं लवकर न्याय मागितला, हा काय त्याचा गुन्हा?

काशिनाथ मनात म्हणाला, आरोपीनं कुठं मागितला!

न्यायमूर्तींनी शांतपणे ऐकलं. मग चष्मा काढून म्हणाले की कोर्टाला सहानुभूती आहे, पण कायद्याची ओळ स्वच्छ आहे आणि जुन्या कायद्यात दहाच्या खाली जायला वाटच नाही. लघुलेखकाला मजकूर सांगायला त्यांना दहा मिनिटंही लागली नाहीत. अपील फेटाळलं.

बाहेर व्हरांड्यात कृष्णनाथबाबांनी पानाचा डबा उघडला आणि न खाताच मिटला. "दिल्लीला जाता येईल. पण तिथेही हीच ओळ वाचतील." एवढंच बोलले. 'मी सांगितलं होतं' असं त्या माणसानं दीड वर्षात एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर काशिनाथला त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तो मुलाखतीला आग्वादला गेला. म्हापशाच्या बाजाराची गर्दी, बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही, कंडक्टर ओळखीचा. "काय काशिनाथ, भाव सुटलो?" त्यानं मान हलवली, ती होय का नाही ते त्यालाही कळलं नाही.

तुरुंगाच्या दारात सोनाबाई उभी! नवं लुगडं, हातात पेढ्यांचा पुडा. शंभू आज सुटणार होता. काशिनाथला बघून ती लगबगीनं पुढे आली.

"चार वर्सां झाली रे पुता. रडून रडून डोळे गेले. सगळी म्हणाली, म्हातारे, दुसरो वकील कर, घाई कर. पण देव म्हणालो थांब, म्हणून थांबलंय. आणि काय!" तिनं त्याच्या तळहातावर पेढा ठेवला. "तुमचो केन्ना सुटतलो?"

"दोन हजार आठाक."

सोनाबाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिनं आणखी एक पेढा त्याच्या हातावर ठेवला आणि त्याची मूठ दोन्ही हातांनी मिटवली. आत खायचं काही न्यायला बंदी. टाकवेना, म्हणून काशिनाथनं दोन्ही पेढे दारातच उभ्या उभ्या तोंडात कोंबले.

जाळीपलीकडे दत्तू आला. तिशीतच कानशिलाचे केस पिकलेले. त्याला बातमी रात्रीच कळली होती. तुरुंगात बातमी माणसाच्या आधी पोचते.

"शंभू गेलो?" त्यानं विचारलं.

"भायर त्येची आवस उभी आसा."

"बरा झाला. झोपेत घोरायचो मेलो." दत्तू हसला. "आता झोप तरी येतली सहा वर्सां."

ते हसू बघून काशिनाथचा बांध फुटला. बावीस वर्षं बसमध्ये ओरडून ओरडून घोगरा झालेला त्याचा आवाज, पण एखाद्या पोरासारखा बारीक निघाला.

"दत्तू, पयली पाकळी डावी पडली होती."

"काय?"

"देवी थांब म्हणाली होती. धाकूनं सांगल्यान. मीच परत लावूक लावली, प्रश्न बदलून. आईक फकत उजवी दाखवली. वकील पण थांब म्हणत होतो. देवी थांब म्हणाली, वकील थांब म्हणालो, मी आयकाक नाय. अर्जावर सही मीच घेतली तुझी. दहा वर्सां तुका कोर्टानं नाय दिली, मी दिली."

दत्तूनं जाळी दोन्ही हातांनी धरली. बोटं पांढरी पडली. शेजारच्या जाळीवर कुणाची बायको मोठमोठ्यानं रडत होती आणि शिपाई "आवाज कमी" म्हणून ओरडत होता. काशिनाथला वाटलं, आता शिव्या घालेल. घाल बाबा. घाल एकदाच्या.

"बारा दिवस," दत्तू म्हणाला. मग पुन्हा, "बारा दिवस, दादा." त्यानं कपाळ जाळीला टेकवलं. वर बघितलं तेव्हा त्याचे डोळे लाल होते, पण आवाज सरळ होता. "आईक सांगलंस?"

"नाय. आज सांगतंय. घरी जाऊन पयला तां. देवीचो तरी आळ जावंदे."

"सांगू नको."

"दत्तू..."

"सांगू नको म्हणतंय! आई देवीवर रागावली, देवीचा काय गेला? ती दगडाची आसा, सोसतली. तुझ्यावर रागावली तर ती कोणाच्या हातचा जेवतली? माका अजून सहा वर्सां आसत. मी सुटासर आईक जगव. मगे मी सुटल्यावर आपण दोघूय मिळून सांगूया. तंवसर तुझा तोंड बंद." शिपायानं वेळ संपल्याची घंटा वाजवली. जाता जाता दत्तू वळला. "आणि दादा, तेचीय घाई करू नको."

काशिनाथ घरी पोचला तेव्हा दिवस मावळतीला आला होता. बायको शुभांगी गोठ्यात होती. आई ओट्यावर, पुढ्यात कुंकवाची डबी उघडून बसलेली. त्याच्या तोंडाकडे बघूनच ती समजली. डबीतून ती सुकून काळी पडलेली पाकळी तिनं चिमटीत धरली आणि देवळाच्या दिशेला बघत बोलली. या वेळी शिवी दिली नाही. वर्षभरात पहिल्यांदाच देवीशी नीट बोलली.

"बाये, मी तुझ्याकडे काय मागलंय? लेक सोड म्हणाक नाय. तेणां केल्यान तां तेणां भोगूचा. पण तुका सगळा दिसत होता मगो. फकत एक डावी पाकळी टाकली असतीस. मी थांबली असतंय. धा वर्सां थांबली असतंय. डावी टाकूक तुका इतकी जड झाली?"

मग ती काशिनाथकडे वळली. "तू तरी सांग रे. तू होतंस ना थंय?"

काशिनाथनं तोंड उघडलं. आईचे डोळे त्याच्यावर लागलेले होते. त्याला सगळं एकदम ओरडून सांगावंसं वाटलं, आणि सहा वर्षं त्याच्यासमोर उभी राहिली, एकेक दिवस, एकेक ताट.

"होय, होतंय," तो म्हणाला. "उजवीच पडली, आई."

आईनं मान हलवली आणि पाकळी परत डबीत ठेवली. शुभांगी गोठ्यातून आली आणि चुलीवर पेज ठेवायला आत गेली. काशिनाथनं हात धुतले आणि आईचं ताट मांडलं.